मखमलीखालचा कागद

१

शुक्रवारी सकाळी सव्वानऊला टॅमसिन ओकलीनं काचपेटीवरच्या काळ्या मखमलीची पुढची कड उचलली आणि तिच्या दुसऱ्या हातातला कप कलला. चहा बुटावर सांडला. तिनं खाली पाहिलंसुद्धा नाही.

पेटी रिकामी होती.

कुलूप जागच्या जागी होतं, काच शाबूत होती, किल्ली ऑफिसातल्या खिळ्यावर होती. नव्हता तो फक्त कागद. केम्बला करावाँग्ज या बायकांच्या फुटबॉल क्लबानं १९७९ साली पहिला सामना खेळला, त्या सामन्यातल्या खेळाडूंच्या नावांचा, रेफरीकडे राहिलेला कागद. रेफरी वारल्यावर त्याच्या मुलीला तो माळ्यावर सापडला आणि तिनं तीन आठवड्यांपूर्वी पोस्टानं पाठवून दिला होता.

पोर्ट केम्बला या बंदराच्या गावात सध्या दुसरा विषय नव्हता. क्लबाला पंचेचाळीस वर्षं झाली होती. पत्र्याच्या शेडमध्ये कपडे बदलणाऱ्या, रविवारी सकाळी पुरुषांच्या आधी तासभर मैदान मिळालं तर धन्य मानणाऱ्या बायकांचा हा क्लब आता पगारी खेळाडूंचा होता. त्याला डॉक्टर होते, सात जणांचं संचालक मंडळ होतं, त्यातले चार जण सभासदांनी निवडून दिलेले. शनिवारी नव्या स्टँडचं उद्घाटन होतं आणि आजवर क्लबाकडून मैदानात उतरलेल्या प्रत्येक बाईला तिचा वारसा क्रमांक मिळणार होता. जी आधी उतरली तिचा क्रमांक आधीचा. एकदा मिळाला की मरेपर्यंत तिचाच, मेल्यावरही तिचाच. पहिल्या सामन्यात अकराजणी एकदमच उतरल्या होत्या, म्हणून मंडळानं ठरवलं होतं की त्यांचा क्रम त्या कागदावरून लावायचा.

"स्लाविका," टॅमसिन हळू आवाजात म्हणाली, "जरा दार लावून घ्या."

स्लाविका ट्रायकोव्स्कानं दार लावलं. ती बासष्ट वर्षांची होती. खेळाडूंचे कपडे, बूट, मोजे सगळं तिच्या ताब्यात. पोरी तिला 'टेटा' म्हणत, म्हणजे तिच्या मॅसिडोनियन घरातली मावशी.

टॅमसिन क्लबाची मुख्य अधिकारी. एक्केचाळीस वर्षांची, बोलायला गोड, हिशेबाला पक्की. तिनं हातातल्या फोनवर काहीतरी पाहिलं.

"काल दुपारी अडीचला जोसलिननं तिच्या दप्तरातून आणून कागद पेटीत ठेवला, माझ्यासमोर कुलूप लावलं. तेव्हा तो होता. संध्याकाळी सहाला मी इमारत बंद करून अलार्म लावला. आज साडेसहाला अलार्म कुणी काढला?"

"मीच काढते रोज."

"आणि मी नऊला आले. अडीच तास इथे तुम्ही एकट्या होतात."

स्लाविकाला आधी कळलंच नाही. मग कळलं, आणि कान गरम झाले.

"मी कशाला घेऊ तो कागद?"

टॅमसिननं नजर वळवली. "पहिल्या मोसमात तुम्ही बाकावर होतात ना? सगळा मोसम. एकदाही उतरला नाहीत. उद्या दोनशे बायकांना क्रमांक मिळणार आणि तुम्हाला नाही. मी तुमच्या जागी असते तर मला वाईट वाटलं असतं. एवढंच म्हणतेय."

"वाईट वाटतंच," स्लाविका म्हणाली.

"पाच वाजता मंडळाची बैठक आहे. तोपर्यंत कागद परत आला तर मी कुणाला काही विचारणार नाही. नाही आला, तर पोलीस येतील आणि तुमच्याकडच्या किल्ल्या मला घ्याव्या लागतील."

२

तिला वाईट वाटत होतं हे खरंच होतं, आणि वाईट हा फार सौम्य शब्द होता. क्रमांकांची यादी महिनाभर किटरूमच्या भिंतीवर लटकत होती आणि स्लाविकानं ती एकदाही वाचली नव्हती. परवा एका एकोणीस वर्षांच्या पोरीनं "टेटा, मी दोनशे नऊ" म्हणून मिठी मारली, तेव्हा तिला मिठी मारता मारता स्लाविकाच्या पोटात आग पडली होती. असा मत्सर करणारी बाई चोरी करणार नाही, हे कुणी कशावरून मानावं?

टॅमसिन गेल्यावर ती पेटीसमोर उभी राहिली.

क्लबात यायच्या आधी तिनं बावीस वर्षं धुलाईच्या दुकानात काढली होती. माणसाचा चेहरा तिला वाचता येत नसे, पण कापड कधी खोटं बोलत नाही एवढं तिला ठाऊक होतं. ही मखमल तिनंच गुरुवारी वाफेवर धरून सारखी केली होती आणि तीन वाजता पेटीवर घातली होती. मखमलीला लव असते. लव वरच्या दिशेनं ठेवली तर काळा रंग विहिरीसारखा खोल दिसतो. लव खाली आली की तोच काळा राखाडी मारतो, उगाच चमकतो. तिनं लव वर ठेवली होती. डोळे मिटूनसुद्धा तिनं ती उलटी घातली नसती.

टॅमसिननं फक्त पुढची कड उचलली होती, बाकी मखमल होती तशीच होती. स्लाविकानं तिच्यावरून तळहात फिरवला. मग खिडकीचा पडदा सारून पाहिलं.

मखमल राखाडी दिसत होती. कुणीतरी ती पूर्ण काढली होती आणि घाईनं परत घातली होती, खालची कड वर करून.

म्हणजे चोराला कापडातलं काही कळत नव्हतं. पण हे कुणाला सांगणार? मखमल उलटी आहे म्हणून मी निर्दोष आहे, असं मंडळापुढे म्हटलं तर लोक हसले असते.

गुरुवारी साडेचारपासून सहापर्यंत, पेटी होती त्याच दिवाणखान्यात, जुन्या मंडळींचा चहा होता. त्या वेळी स्लाविका स्वयंपाकघरात बुरेक, म्हणजे चीज भरलेल्या पापुद्र्याच्या वड्या, गरम करत होती, पेटीकडे फिरकलीही नव्हती. चहाला दोघीजणी अशा होत्या की ज्या पंचेचाळीस वर्षं एकमेकींचा दुस्वास करत एकाच टेबलावर बसत आल्या होत्या. एक ग्लेनिस हॅरोवेल, पहिली कॅप्टन. दुसरी ल्युपका डिमोव्स्का, पहिला गोल करणारी. पहिला क्रमांक आपलाच, असं दोघीही सांगत फिरत होत्या.

स्लाविकानं जाकीट घेतलं.

३

ग्लेनिस नव्या स्टँडखालीच सापडली. स्टँडला तिचं नाव लागलं होतं आणि अक्षरांवर अजून प्लास्टिक होतं. एकाहत्तर वर्षांची ती उंच बाई हात पाठीमागे बांधून त्या प्लास्टिककडे बघत होती.

"वाकडं लागलंय का गं ते?" तिनं विचारलं.

"सरळ आहे. ग्लेनिस, कागद चोरीला गेला."

ग्लेनिसनं मान वळवली. तिला धक्का बसला, पण धक्क्यापाठोपाठ तिच्या ओठाच्या कोपऱ्यात काहीतरी हललं.

"ल्युपकाला विचार."

"तुला विचारतेय. पहिलं नाव तुझं नसलं तर?"

"माझं नाहीच आहे," ग्लेनिस म्हणाली. "अगं, तो कागद सामन्याआधी लिहायचा कुणी? कॅप्टननं. मीच लिहिला, शेडमध्ये, गुडघ्यावर ठेवून. आणि नावं कशी लिहितात? गोलरक्षकापासून. पहिलं नाव बेरिल कूटचं. दुसरं, तिसरं बचावातल्या पोरींचं. माझं सातवं, ल्युपकाचं नववं."

बेरिल कूट जाऊन दहा वर्षं झाली होती.

"मग महिनाभर पहिली मी, पहिली मी म्हणून काय चाललंय तुझं?"

"ल्युपकाला झोप येऊ नये म्हणून." ग्लेनिस शांतपणे म्हणाली. "उद्या बेरिलचं नाव वाचलं की तिचं तोंड कसं होतं ते मला बघायचं होतं. मी का चोरू? माझी गंमतच गेली."

स्लाविकाला हे पटलं. एवढं दुष्ट कारण कुणी बनवून सांगत नाही.

"पण ल्युपकाला भीती होती," ग्लेनिस पुढे म्हणाली. "पहिल्या क्रमांकाची नाही, गोलाची. तो चेंडू त्यांच्या बचावातल्या मुलीच्या ढुंगणाला लागून आत गेला. मी आजवर सांगत आलेय की तो स्वयंगोल होता. रेफरीनं काय लिहिलं, ते त्या कागदावर आहे."

४

ल्युपका डिमोव्स्काच्या परसात मिरच्या भाजल्याचा वास होता. ती एकोणसत्तर वर्षांची, बुटकी, हाताला काजळी. कागद गेला हे ऐकून तिनं चिमटा खाली ठेवला आणि खुर्चीत बसली.

"तुला ग्लेनिसनं पाठवलं."

"मी माझी आले. पाच वाजता माझ्या किल्ल्या घेणार आहेत, ल्युपका. चोरी माझ्यावर आलीय."

"तुझ्यावर?" ल्युपका हसायला लागली, मग स्लाविकाचा चेहरा पाहून थांबली. "त्या पोरीचं डोकं फिरलंय का? तू कधी पोरींचा मोजा तरी घरी नेलास का?"

"काल चहाच्या वेळी तू पेटीजवळ गेली होतीस का?"

ल्युपकानं चिमटा उचलून एक मिरची उलटी केली.

"गेले होते," ती म्हणाली. "पाच वाजता. ग्लेनिस भाषण करत होती, सगळे तिच्याकडे बघत होते, नेहमीसारखे. म्हटलं, बाई, एकदा डोळ्यांनी बघून घे. गोल तुझ्या नावावर आहे की नाही. उद्या सगळ्यांसमोर नाक कापलं जाण्यापेक्षा आज कळलेलं बरं. मी मखमलीचा कोपरा उचलला."

"आणि?"

"आणि काही नाही. आत काही नव्हतंच."

"पाच वाजता पेटी रिकामी होती?"

"रिकामी. मी कोपरा सोडला आणि जाऊन केक खाल्ला. काय बोलणार? मी मखमल उचलली हे सांगितलं असतं, तर चोर कोण ठरलं असतं? ग्लेनिसनं तर बँड वाजवला असता."

ल्युपका खरं बोलत असेल, तर चोरी सकाळी झाली नव्हती. काल पाचच्या आधीच झाली होती. पण ल्युपकाच्या शब्दावर कोण विश्वास ठेवणार? गोलाची भीती तर तिलाच होती.

५

साडेबारा वाजता स्लाविका टॅमसिनच्या ऑफिसात शिरली.

"काल तू पेटीचा फोटो काढून क्लबाच्या पानावर टाकलास. किती वाजता?"

टॅमसिननं कपाळाला आठ्या घातल्या, पण फोन उघडला. "चार वीस. टीव्हीवाल्यांना सोडलं, आत आले, काढला. का?"

"मखमलीला हात लावलास?"

"नाही. दारातूनच काढला."

स्लाविकानं चष्मा लावला. फोटोत काचपेटी, भिंतीवरच्या जुन्या तसबिरी, आणि खिडकीच्या उजेडात पेटीवरची मखमल. राखाडी, चमकणारी.

तिनं टॅमसिनला हाताला धरून दिवाणखान्यात नेलं आणि मखमल काढून सुलटी घातली. काळा रंग एकदम खोल झाला. मग उलटी घातली. मग पुन्हा सुलटी. टॅमसिन फोनमध्ये बघे, पेटीकडे बघे.

"तीन वाजता मी अशी घातली होती," स्लाविका म्हणाली. "चार वीसला ती तशी आहे. साडेचारला पुढचं दार उघडेपर्यंत बाहेरचं कुणी आत आलेलं नाही. मी तीनपासून मैदानावर होते, पोरींना जाकिटं वाटत. तू पण तिथेच होतीस, टीव्हीवाल्यांबरोबर, माझ्या डोळ्यांसमोर. नाहीतर तुझंही नाव घेतलं असतं मी. क्रमांकांचे दोनशे पितळी बिल्ले कोरून आलेत तुझे. कागदात एक नाव जास्त निघालं, तर पुढचे सगळे चुकतात."

टॅमसिन पांढरी पडली. "मी कागद नीट वाचलासुद्धा नव्हता. पाकीट उघडलं, वरची चार नावं बघितली आणि जोसलिनला दिला." ती थांबली. "स्लाविका, मग आत फक्त..."

"काल दुपारी आत तसबिरी लावायला कोण थांबलं होतं ते मला माहीत आहे. कारण कळत नाहीये. मला अर्धा तास दे."

किटरूममध्ये ती उलट्या बादलीवर बसली. कागद कॅप्टननं लिहिला होता, म्हणजे नावं ग्लेनिसला पाठ होती. मग कागदावर असं काय असेल जे इतकी वर्षं कुणालाच माहीत नव्हतं? सामन्यानंतर त्याच्यावर फक्त रेफरी लिहितो. गोल कुणी केला. ताकीद कुणाला दिली. आणि बदली कोण उतरलं.

स्लाविका उठली. महिनाभरात पहिल्यांदा ती भिंतीवरच्या यादीजवळ गेली. कागदावरचा क्रम शनिवारी जाहीर व्हायचा होता, म्हणून एक ते अकरा कोरेच होते. बोट बारावर ठेवलं. बारा, जोसलिन पाइक, दुसरा सामना.

आणि मग तिला ती सकाळ आठवली, जी तिनं स्वतःलाच आठवू दिली नव्हती. तेव्हा बायकांचे सामने सत्तर मिनिटांचे असत, त्यापुढे बायकांना झेपणार नाही असं पुरुषांनी ठरवलं होतं. अगदी शेवटी ग्लेनिसच्या पोटरीत गोळा आला. ती लंगडत बाहेर आली आणि तिनं बाकाकडे बोट केलं. सतरा वर्षांची स्लाविका धावत मैदानात गेली, मधल्या वर्तुळापर्यंत. समोरची गोलरक्षक कुंपणापलीकडे गेलेला चेंडू आणायला गेली होती. ती परतायच्या आत शिट्टी वाजली. सामना संपला. शेडमध्ये ग्लेनिस म्हणाली, "चेंडू खेळात आलाच नव्हता, ते धरायचं नाही." सगळ्या हसल्या. स्लाविकाही हसली होती.

रेफरीनं धरलं असेल तर?

६

जोसलिन पाइक क्लबाचं दप्तर सांभाळायची. ग्रंथालयातून निवृत्त झालेली, चौसष्ट वर्षांची, टापटिपीची बाई. जुन्या स्टँडखाली तिची खोली होती. सालवार खोकी, प्रत्येकावर सुबक अक्षरात चिठ्ठी. कुंपणानंच शेत खाल्लं म्हणायचं, आणि कुंपण किती नेटकं.

स्लाविकानं काही विचारलं नाही. ती सरळ १९७९च्या खोक्याशी गेली.

"तिथेच आहे," जोसलिन मागून म्हणाली. "दुसऱ्या पाकिटात. फाडणार होते. हात उचलेना."

"वाटलंच मला. तू कागद फाडणार नाहीस, आणि चुकीच्या जागीही ठेवणार नाहीस."

तिनं पाकीट उघडलं. वर ग्लेनिसचं अक्षर, गिचमीड. बेरिल कूट पहिली. नववी ल्युपका, आणि तिच्यापुढे रेफरीनं एक टपोरा '१' काढलेला. गोल तिचाच होता. तळाशी निळ्या शाईत वेगळं, शाळामास्तरी अक्षर. बदली, ६९व्या मिनिटाला, हॅरोवेल बाहेर, ट्रायकोव्स्का आत.

स्लाविकानं ते तीनदा वाचलं. चौथ्यांदा वाचताना अक्षरं दिसेनाशी झाली.

"मी तो घडी करून ठेवला होता, खालची बाजू आत," जोसलिन म्हणाली. "मग टॅमसिन म्हणाली, शनिवारी उघडून ठेवू, लोकांना फोटो काढू दे. ती टीव्हीवाल्यांकडे गेली आणि मी किल्ली घेतली."

"त्यांनी आळ माझ्यावर घातला. तुला कळलं होतं?"

"सकाळी कळलं. दहा वेळा जिन्यापर्यंत आले आणि परत फिरले."

"का पण? तेरा झालं असतं तर काय बिघडलं असतं?"

जोसलिननं टेबलावरची पेन्सिल उचलली, सरळ केली, परत ठेवली.

"तेरा मला चाललं असतं," ती म्हणाली. "तू बारा होणं चाललं नसतं. तुला काय कमी आहे गं? पोरी सकाळी आल्या की आधी तुझ्या दारात. टेटा, माझे मोजे. टेटा, माझं लग्न ठरलं. सामना हरल्या की तुझ्या खांद्यावर रडतात. या खोलीत कोण येतं? मी नऊ वर्षं खपून क्लबाचा इतिहास लिहिला. तो कुणी वाचला? माझ्याकडे एकच गोष्ट होती, पहिल्या अकरांनंतरची पहिली. पार्टीत कुणी ओळख करून दिली, तर बारा नंबरची जोसलिन म्हणायचे. तेसुद्धा तुलाच जाणार. आणि तू तर खेळलीसही नाहीस. उभी राहिलीस नुसती."

स्लाविकाच्या ओठांवर उत्तर होतं, जहाल. तिनं ते गिळलं आणि कागद पाकिटात घातला.

"पाचला मी हा मंडळापुढे ठेवणार," ती म्हणाली. "हा खोक्यात होता, १९७९च्या पाकिटात, एवढं मी सांगेन. बाकीचं तुझं तू सांग, नाहीतर सांगू नकोस."

७

जोसलिन बैठकीला आली नाही. तिनं दोन ओळींची चिठ्ठी पाठवली. 'कागद मी घेतला. स्लाविकाचा काही संबंध नाही.' टॅमसिननं ती मोठ्यानं वाचली आणि मग सगळ्यांसमोर स्लाविकाची माफी मागितली, गोड न बोलता, सरळ.

क्लबाची आश्रयदाती म्हणून ग्लेनिस बैठकीला असे. कागद तिच्यापर्यंत आला तेव्हा तिनं शेवटची ओळ वाचली आणि चष्मा काढला.

"हे धरायचं नाही, असं मी म्हटलं होतं," ती म्हणाली.

"आठवतंय," स्लाविका म्हणाली.

"सगळा मोसम तुला बाकावर मी बसवलं. प्रशिक्षक विचारायचा, ती पोर का नको? मी म्हणायची, कच्ची आहे." ग्लेनिसचा आवाज कोरडा होता. "तू कच्ची नव्हतीस. सरावात तू माझ्या जागेवर खेळायचीस आणि माझ्यापेक्षा जोरात धावायचीस. मी सव्वीस वर्षांची होते आणि मला ते दिसत होतं."

पुढच्या वर्षी वडिलांनी स्लाविकाला धुलाईच्या दुकानात लावलं, रविवारची पाळी. मैदान तिथेच सुटलं होतं. जोसलिननं तिचा एक दिवस चोरला होता. ग्लेनिसनं किती चोरलं होतं ते मोजायला माप नव्हतं.

"स्टँडवरचं माझं नाव..." ग्लेनिसनं सुरुवात केली.

"नाव राहू दे. सभासदांनी मतं देऊन लावलंय," स्लाविका म्हणाली. "पण आत्ता जे बोललीस, ते उद्या माईकवर बोल. मी नाही सांगत फिरणार."

शनिवारी ग्लेनिस बोलली. चार वाक्यं, कागद न घेता. लोक टाळ्या वाजवाव्यात की नाही या विचारात पडले. मग बेरिल कूटच्या मुलाला पहिला बिल्ला दिला, तेव्हा ल्युपकाचं तोंड खरोखर बघण्यासारखं झालं, पण आपला गोल जाहीर झाल्यावर ती रडली आणि ग्लेनिसनंच तिला रुमाल दिला. फक्त बारा आणि तेरा हे दोन बिल्ले सकाळी घाईनं पुन्हा कोरून आले होते. चौदाव्या क्रमांकापासूनच्या बायकांना पुढच्या सामन्यापर्यंत थांबायला सांगितलं. दोनशे नऊ झालेली पोर आता दोनशे दहा झाली होती. "टेटा, माझा आकडा खाल्लास," ती म्हणाली आणि पुन्हा मिठी मारली. या वेळी स्लाविकाला कुठे काही जळलं नाही. तेरावं नाव वाचलं तेव्हा कुणी पुढे आलं नाही.

रविवारी सकाळी अकराला स्लाविका जोसलिनच्या घरी गेली. टेकडी चढून पाय भरून आले होते. जोसलिननं दार अर्धंच उघडलं. तिच्या अंगात घरातला गाऊन होता आणि केस विंचरलेले नव्हते, तिला असं कुणीच कधी पाहिलं नव्हतं.

स्लाविकानं खिशातून डबी काढली. "तेरा. घ्यायचा तर घे."

जोसलिननं हात पुढे केला नाही. "तुला राग आला नाही?"

"आलाय. अजून आहे."

"मग कशाला आलीस?"

स्लाविकानं दाराच्या चौकटीला हात टेकला. काय बोलायचं ते तिनं ठरवलं नव्हतं, आणि जे तोंडातून आलं ते तिनं आजवर कुणाला, पाद्रीबाबांनाही, सांगितलं नव्हतं.

"दुसऱ्या सामन्यात मी बाकावर होते, जोसलिन. तू डाव्या बाजूला होतीस. तुझ्या एका बुटाची नाडी सुटली होती आणि तू ती बांधायला थांबली नाहीस. सत्तर मिनिटं खेळलीस तू. पुरी सत्तर. पंचेचाळीस वर्षं मी तुझा हेवा केला."

जोसलिनची नजर स्वतःच्या पायांकडे गेली.

"उजवी नाडी," जोसलिन म्हणाली.

"उजवी. आता आत घेतेस का? पाय दुखतायत माझे."

जोसलिननं दार पूर्ण उघडलं.